हिरवळीखालचं पाणी

माळीकाम म्हणजे फुलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी हातात खुरपं धरलेलं नसतं. माझं निम्मं आयुष्य या कामात गेलं, म्हणून छातीठोकपणे सांगते, हे काम म्हणजे घाण. पोत्यातून ठिबकणारं ओलं शेण, भिजवून आंबलेली पेंड, मासळीबाजारातून आणलेल्या डोक्या-शेपट्यांचं पिंपात मुरवलेलं खत, जास्वंदीच्या देठावरचे पांढरे मिलीबग अंगठ्याने चिरडले की बोटांना लागणारा तो पिवळट चिकट रस, कुंपणाच्या मुळाशी फुगून पडलेली घूस. आता पुण्याजवळच्या माझ्या नर्सरीत सुट्टीच्या दिवशी गाड्या भरून माणसं येतात आणि नाकाला रुमाल लावून विचारतात, "वास न येणारं खत आहे का हो?" मी म्हणते, आहे की, प्लास्टिकच्या झाडांना तेच घालतात. ती हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करतेय. खरं सांगायचं तर शेणाची, पेंडीची, मासळीच्या पाण्याची मला कधी शिसारी आली नाही. ती घाण काही दिवसांत माती होते आणि सुटते. माझं डोकं कायमचं फिरवलं ते निराळ्या घाणीने, आणि ती मी पाहिली चेन्नईत, बागकामाची पदविका हातात घेऊन नुकती कामाला लागले होते तेव्हा.

आमचं घर तिथल्याच अंबत्तूर उपनगरात, कारखान्यांच्या मागच्या बाजूला. आप्पा शेजारच्या आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचायचे आणि जेवायला हाक मारली की उठायचे, एवढाच त्यांचा संसारातला भाग उरला होता. घराणं तंजावरकडचं. किती पिढ्यांपूर्वी तिकडे गेलो ते आप्पांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच बोलायचो, पण ती मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग कौतुक करतो, आणि मला दोन्हीचा सारखाच राग येतो. इथे येऊन माझी भाषा लोकांनी घासूनपुसून लख्ख केली. आईची मात्र शेवटपर्यंत तीच राहिली. सकाळी इडलीचं पीठ वाटणाऱ्या ग्राइंडरची घरघर, मधूनच रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा आवाज, आणि त्या सगळ्यावर पाण्याच्या लॉरीचा हॉर्न. त्या वर्षांत नळ सोडला की नुसती हवा यायची. हॉर्न वाजला की सगळी गल्ली रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावायची, आणि एरवी एकमेकींच्या पोरांना खाऊ देणाऱ्या बायका घागर पुढे सरकवण्यावरून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या.

आई कडक सोवळ्याची. मी कामावरून आले की मला पुढच्या दाराने प्रवेश नव्हता. मागच्या अंगणात, घागरीतल्या मोजक्या पाण्यात, अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ, मग कपडे वेगळ्या दोरीवर, आणि ते उचलायचे झाले तर काठीने. आत मोरमिळगाय तळल्याचा खमंग वास सुटलेला असायचा. ताकात मुरवून वाळवलेल्या त्या मिरच्या, चिंचेचं सार, कोबीचं पोरियल, म्हणजे खोबरं घातलेली सुकी भाजी, शेवटी दहीभात. पोटात कावळे ओरडत असायचे आणि मी अंगणात थंडगार होऊन उभी. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हुकूम सोडायची, "तिथेंच उभी राहा. पाय धुवून घे. नखांत बघ, नखांत. हें कायला असलें काम गं पद्मा? बँकेची परीक्षा दे म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली." मी चिडून म्हणायची, "आई, तू खातेस ती कोबी काय आकाशातून पडते? शेणातच उगवते ती." त्यावर आई म्हणायची, "मी धुवून खातें. तुला पण धुवून घेतेंच की." एवढं बोलून ताट वाढायची, आणि मिरच्यांतली सगळ्यात कुरकुरीत असेल ती माझ्या ताटात टाकायची. तिच्या सोवळ्याचा मला भयंकर राग यायचा. कोणी शिवलं, कोणी नाही शिवलं, यातच बाईचा जन्म चाललाय, असं वाटायचं.

मला काम मिळालं होतं एका बागकामाच्या कंत्राटदाराकडे. त्याने मला नेमलं एका नव्या, मोठ्या कॉलनीवर. नाव घेत नाही, शेवटी 'वनम' होतं एवढं पुरे. उंच उंच ब्लॉक, खाली तळघरात गाड्या, मधोमध कोरियन गवताची हिरवळ, कडेने जास्वंद, तगर, कण्हेर, मोगरा, आणि फाटकाशी पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, टुमदार देऊळ. सगळं शहर घागरी घेऊन रस्त्यात उभं होतं आणि यांना गवत हिरवंगार हवं होतं. राहणारे बहुतेक शिकलेले, कॉम्प्युटर कंपन्यांत, बँकांत. नावं मोठी आणि लक्षणं खोटी. बाल्कनीतून खाली काय काय यायचं! बाळांचे घाण डायपर, कागदात गुंडाळलेले सॅनिटरी नॅपकिन, केसांचे गुंतवळ, शिळं सांबार. एका ब्लॉकवर तर पाटी होती की इथे फक्त शाकाहारी लोकांनाच घरं मिळतील, आणि त्याच्या कुंपणात आम्हाला नेमाने कोंबडीची हाडं सापडायची. मी ती हाडं हातात घेऊन वर बघायची, तर सगळ्या खिडक्या बंद, आतून सुप्रभातम. शी! आज लिहितानाही नाक आपोआप मुरडलं जातंय.

माझ्या हाताखाली बायका होत्या, त्यांतली मुख्य म्हणजे सेल्वी अक्का. मी हाताखाली म्हणते, पण ती माझ्या आईच्या वयाची, काळीसावळी, काटकुळी, तोंडात कायम विडा, आणि हसणं असं की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी वाकून बघायचं. आवडी गावाच्या पलीकडच्या वस्तीतून पहाटेच्या गाडीने यायची. मला मॅडम म्हणायची नाही, "कण्णू" म्हणायची, म्हणजे सोन्या. कुंपणातला कचरा उपसताना ती सगळ्या कॉलनीची बित्तंबातमी सांगायची. "बी ब्लॉकमध्ये बाळाला दात येतायत बघ. आणि या वरच्या बाईचे केस फार गळतात, बिचारीला नवरा सुख देत नाही." मी खो खो हसायची. तिला साखरेचा आजार होता. गोळ्या घेतेस का म्हणून विचारलं की म्हणायची, "आठवण झाली की घेते. सगळ्या गावाला साखर आहे, मला एकटीला नको?"

आता पाण्याचं सांगते. कॉलनीचं सगळं सांडपाणी, म्हणजे न्हाणीघराचं, मोरीचं आणि संडासाचंसुद्धा, तळघरामागच्या एका टाकीत जमायचं. तिथे यंत्राने हवा सोडून ते शुद्ध करायचं आणि मग बागेला द्यायचं, अशी योजना. कल्पना चांगली होती. मी कॉलेजात शिकले होते तीच. पण हवा सोडणारा तो पंखा, त्याला सगळे ब्लोअर म्हणायचे, वीज फार खायचा. कॉलनीच्या कमिटीने तो आधी अर्धा वेळ बंद ठेवला, मग पुरताच बंद केला, आणि मग तो पडून पडून जळाला. तेव्हापासून टाकीत जे पडायचं तेच पाइपातून बागेत यायचं. काळंकुट्ट, वर फेस, आणि आत काय काय तरंगत यायचं ते मी लिहीत नाही. ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, ज्याने पाहिलं नाही त्याला आजचं जेवण गोड लागू दे. शहराची गटारलाइन अजून कॉलनीपर्यंत पोचली नव्हती, आणि टाकी उपसायला लॉरी बोलवायची तर खर्च. म्हणजे सगळ्या कॉलनीचं पोट साफ होत होतं ते आमच्या हिरवळीवर. हिरवळ मात्र काय वाढली म्हणता! मोगऱ्याच्या कळ्या बोराएवढ्या. लोक संध्याकाळी फिरायला यायचे, नाक आक्रसायचे, "इथे कसला गं वास येतो?" म्हणून मलाच दटावायचे. कमिटीने मला लेखी कळवलं की तळघराच्या बाजूला रातराणी लावावी.

त्या पाण्यात बायका अनवाणी उभ्या. गमबूट एकदा आले होते, पुरुषांच्या मापाचे. बायका ते घालून दोन पावलं टाकायच्या आणि तिसऱ्याला बूट मागेच राहायचा. मी कंत्राटदाराशी भांडून लहान मापाचे आणवले, तेव्हा निराळंच खूळ पुढे आलं. देवळातली रोजची फुलं आमच्याच बागेतून जायची. सेक्रेटरी मामा, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, कपाळभर विभूती लावणारे गृहस्थ, त्यांनी नियम केला होता की देवाची फुलं तोडणाऱ्या बाईने घरून अंघोळ करून यावं, धुतलेलं नेसावं आणि पायात काही घालू नये. रबर नाही, चामडं नाही, काही नाही. आणि दूर्वा? दूर्वा सगळ्यात लुसलुशीत कुठे उगवायच्या, तर पाइपाच्या तोंडाशी, जिथे पाणी साचून दलदल झाली होती तिथे. हे काम सेल्वी अक्काकडे. मी म्हणायची, "अक्का, घाल गं बूट. मामा काय बघायला येतोय?" ती कानांना हात लावायची. "देवाची फुलं पायात बूट घालून कोण तोडतं, कण्णू? मामा नाही बघत, तो बघतो ना." आणि डावा पाय त्या काळ्या चिखलात रोवून, वाकून, निवडून निवडून दूर्वा खुडायची. तोंडाने काहीतरी पुटपुटायची. मला वाटतं देवाकडे ती आपल्या मुलीचं लग्न मागत असावी.

एक दिवस दूर्वा खुडताना तिच्या अंगठ्याला काच लागली. भरावाच्या मातीत नेहमीच काचा निघायच्या. साधी चीर. तिने हळद दाबली, वर विड्याचं पान बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चिखलात पाय. मी तिला पाण्यापासून लांब, कुंड्यांच्या कामावर लावलं. तर सकाळी देवळाकडून निरोप, फुलं तोडायला सेल्वीच हवी, ती नीट निवडते. आणि ती जायची! मी ओरडायची, ती हसायची. जखम भरेना. साखरेच्या माणसाची जखम ती. पाय सुजला, बोटांशी रंग बदलायला लागला. मग सेक्रेटरी मामांना तिच्या पायाची पट्टी दिसली. मला बोलावून म्हणाले, "अम्मा पद्मा, त्या बाईच्या पायाला पू आहे. तिला देवळाच्या कठड्याच्या आत येऊ देऊ नको. फुलं बाहेरच ठेवायला सांग." फुलं तिनेच तोडायची, बरं का. फक्त आत यायचं नाही.

मी त्यांच्या घरी गेले. दारातच उभी केली मला, फिल्टर कॉफी दिली कागदी कपात, आत स्टीलचे पेले चकाकत होते. मी काही भीक मागायला गेले नव्हते. मी सरळ म्हटलं, "मामा, ब्लोअर जळलाय. टाकीत पडतं तेच बागेत येतं. बायका त्यात उभ्या असतात. सेल्वीचा पाय जायची वेळ आलीय. ब्लोअर दुरुस्त करा, नाहीतर पाणी बंद करा." मामा म्हणाले, "रोपं बघ किती जोमात आहेत. खतच आहे ते." मी म्हटलं, "मामा, ती घाण आहे." त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "घाण कसली? घरगुती पाणी आहे. आपल्याच लोकांचं आहे. बाहेरच्या कोणाचं थोडंच आहे?" ते विनोद करत नव्हते. त्यांच्या मनात ते पाणी आपलं होतं, म्हणून चांगलं होतं, आणि त्यात उभी राहणारी बाहेरची होती, म्हणून तिच्या पायाचा दोष पाण्याकडे जात नव्हता. कॉफी मी जिन्यातल्या कुंडीत ओतली.

मग देवळाचा वार्षिकोत्सव आला. मंडप, केळीचे खुंट, टेपवर नादस्वरम, मोठ्या पातेल्यात सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वर खोबरं. बागेतली यच्चयावत फुलं तोडून आरास करायचं फर्मान होतं. त्या सकाळी सेल्वी अक्का आली नाही. कन्नियम्मा नावाची तिच्याच वस्तीतली बाई आमच्याकडे होती, ती आली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "ताप चढलाय. सरकारी दवाखान्यात नेलीय. बोटं काळी पडली, कापावी लागतील म्हणतात. गुडघ्यापर्यंत जाईल की काय ते देव जाणे." आणि आम्ही फुलं तोडत होतो. कन्नियम्मा अनवाणी. मी बूट घालून, मुद्दाम. परड्याच्या परड्या भरल्या. नेऊन ठेवल्या. बायका रेशमी साड्यांत सरसावल्या, मोगऱ्याचे गजरे केसांत माळले, कोणी फूल डोळ्यांना लावलं, एका आजीने दूर्वांची जुडी नातवाच्या हातात देऊन त्याला तिचा वास घ्यायला लावला. "बघ कसा छान वास." पुजाऱ्याने आरतीचं तबक उचललं आणि मी मोठ्याने म्हणाले, तमिळमध्येच म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून, "ही फुलं तुमच्या संडासाच्या पाण्यावर वाढलीत. ब्लोअर कधीचा बंद आहे. दूर्वा तर पाइपाच्या तोंडातल्या आहेत. त्या तोडणाऱ्या बाईचा पाय कुजला, ती दवाखान्यात आहे."

टेप चालूच होती. एका बाईने केसांतला गजरा असा ओढून फेकला की बरोबर केसही आले. आजीने नातवाच्या हातावर फटका मारून दूर्वा पाडल्या. पुजारी दोन पावलं मागे. कोणी चटकन विचारलं, "सुंडलमध्ये तर बागेतलं काही नाही ना? कढीपत्ता?" सेक्रेटरी मामा तरातरा माझ्याकडे आले. "हे आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं होतं मामा. तुम्ही म्हणालात आपल्याच लोकांचं आहे." पुढचं ऐका. तिथल्या तिथे खुर्च्या गोल करून कमिटी बसली. मी कडेला उभी. माझ्या मनात, खोटं कशाला बोलू, आशा होती. आता तरी कळलं, आता ब्लोअर बसेल, निदान कोणी विचारेल तरी की ती बाई कोण, कुठल्या दवाखान्यात आहे. सुंडल थंड व्हायच्या आत निर्णय झाला. उद्यापासून देवाची फुलं कोयंबेडूच्या बाजारातून यावीत. मूर्तीला अभिषेक करावा, देवळाचं पुण्याहवाचन करावं. बागेतल्या बायकांनी कठड्याला शिवू नये. एका तरुण मुलाने भीत भीत विचारलं, "आणि पाण्याचं?" तेव्हा मामा म्हणाले, पाण्याचा विषय खर्चाचा आहे, तो पुढच्या मोठ्या सभेत. मग सगळ्यांनी हात धुवून सुंडल खाल्लं. एक वाटी माझ्यापुढेही धरली कोणीतरी. देवाची सोय झाली होती.

घरी आले ती तशीच पुढच्या दाराने आत. आईने तोंड उघडलं होतं, माझा चेहरा बघून मिटलं. मी जमिनीवर बसले आणि सगळं भडाभडा सांगितलं. आप्पांनी पेपर खाली केला, हे आमच्या घरात भूकंपासारखं होतं. आई पळी हातात धरून उभीच. मला वाटलं, आता ही फुलांवर जाणार, देव बाटला म्हणणार. ती म्हणाली, "त्या बाईच्या पायाबद्दल कोण काय बोललें?" मी म्हटलं, "कोणी काही नाही." "देवाला पुण्याहवाचन ठरवलें, आणि तिला घोटभर पाणीं पण विचारलें नाही?" "नाही गं." आईने पळी ठेवली. "पद्मा, त्या लोकांच्या घरचें पाणीं पिऊ नको. कोणी काही दिलें तर घरात आणू नको, रस्त्यातच टाकून ये. ओवळीं माणसें तीं. जन्माचीं ओवळीं." आईच्या भाषेत याहून वाईट शिवी नव्हती. तिच्या सोवळ्याचा राग मला त्यानंतरही येतच राहिला, तो काही एका वाक्याने गेला नाही. पण त्या संध्याकाळी मला ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कन्नियम्माला आणि बाकीच्या बायकांना सांगितलं, आजपासून बागेच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कोणी उघडायचा नाही. कुंपण छाटा, कुंड्या बघा, सावलीत बसा. पाण्याला कोणी शिवायचं नाही. कंत्राटदार फोनवर किंचाळला, "गवत मरेल!" मी म्हटलं, मरू दे. पण मला गवताचं ठाऊक नव्हतं असं समजू नका. ते एवढ्यात मरत नाही. मला ठाऊक होतं ते टाकीचं. टाकीला बाहेर पडायला बागेखेरीज वाट नव्हती. वर घराघरांत फ्लश ओढले जात होते, अंघोळी चालल्या होत्या, लॉरीच्या विकतच्या पाण्याने फरश्या धुतल्या जात होत्या, आणि खाली टाकी चढत होती. मी मुद्दाम केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

हिरवळीचं पान पिवळं पडायच्या आधी टाकी तुंबली आणि तळघरातलं गटाराचं झाकण आतल्या पाण्याने उचललं गेलं. सकाळी ऑफिसला निघालेली माणसं लिफ्टने खाली आली ती चमकत्या बुटांसकट त्यात उतरली. नव्या कोऱ्या गाड्यांची चाकं बुडलेली, वर फेस, फेसात जे तरंगायचं ते तरंगतंय. कोणी नाक धरून पँट वर खोचतोय, कोणी भिंतीला हात लावून ओकतोय, सेक्रेटरी मामा नेसूची वेष्टी, म्हणजे लुंगी, गुडघ्यावर धरून "अय्यो, अय्यो" करत आपल्या गाडीकडे जायचा प्रयत्न करतायत आणि जाववत नाहीये. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून सगळं बघितलं. मी म्हटलं, "मामा, घरगुतीच आहे. आपल्याच लोकांचं." मोठी सभा वगैरे काही लागली नाही. दुपारपर्यंत उपसायला लॉऱ्यांची रांग, संध्याकाळी यंत्रवाला, आणि त्याच आठवड्यात नवा ब्लोअर घरघरायला लागला. बागेत नितळ, जवळजवळ बिनवासाचं पाणी यायला लागलं. सगळं इतकं सोपं होतं. मला अर्थातच कामावरून काढलं. जाताना कंत्राटदार म्हणाला, तुझ्यात माळीकामाची नम्रता नाही. नाहीच आहे.

त्यानंतर सरकारी दवाखान्यात गेले. लांबलचक वॉर्ड, फिनाइलचा वास आणि फिनाइलखालचा वास, पंखा एक चालतोय, दोन बंद. सेल्वी अक्का खाटेवर उठून बसलेली. पायाची बोटं कापली होती, पाऊल वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली असती तर बोटंही वाचली असती. चेहरा पार उतरला होता, पण मला बघून हसली, विड्याशिवाय तिचे दात मी पहिल्यांदा बघितले. आईने डब्यात दहीभात दिला होता, तो तिच्या हातात दिला. तर ती आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकांना मोठ्याने म्हणाली, "हीच ती, मी सांगत होते ती. आमच्या कॉलनीची मॅडम." मला मॅडम ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कोपरावर उठली आणि मला विचारायला लागली, "खरं का गं बाई? हिच्या पायाचं कळलं म्हणून कॉलनीवाल्यांनी एवढं मोठं यंत्र बसवलं? हिच्या एकटीसाठी? ही आल्यापासून सगळ्या वॉर्डाला तेच सांगतेय. कन्नियम्मा का कोण, तिने सांगितलं म्हणे यंत्र बसलं."

बाकीच्या बायकाही बघायला लागल्या. सेल्वी अक्का डब्याचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला खरंच तसं वाटत होतं, की गाड्यांचं तिला कळलं होतं आणि ती मला डोळ्यांनी बजावत होती, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

"हो आजी," मी म्हणाले. "हिच्यासाठीच बसवलं. सगळे हिची आठवण काढतात."

सेल्वी अक्काने झाकण बाजूला ठेवलं आणि दहीभाताचा पहिला घास म्हातारीला दिला. मी पाणी आणते असं सांगून वॉर्डाबाहेर आले, आणि व्हरांड्याच्या टोकाला, उघड्या गटाराच्या काठावर बसून पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं.